विमल बसली नाही

नाहूर,
२२ जानेवारी २०२३

सुलक्षणावन्संना विमलचा वाकून नमस्कार.

फोनवर तुम्हाला अर्धंच ऐकू येतं आणि उरलेलं अर्धं तुम्ही मनानं जुळवता, म्हणून ही बातमी कागदावर पाठवते. श्रुतिकाचं जमलं. मुलाचं नाव देवेश, राहायला मालाड, नोकरी बँकेत. माणसं मूळची वेंगुर्ल्याची, म्हणजे आपल्याच बाजूची. मागच्या वेळी साखरपुड्यानंतर मोडलं होतं, म्हणून ह्या खेपेला सगळं पक्कं होईपर्यंत कोणाला सांगायचं नाही असं मी ठरवलं होतं. रविवारी ती मंडळी आमच्याकडे जेवून गेली. देवेशच्या आईनं विचारलं, मुलीला वडील नाहीत, मग कन्यादानाला कोण बसणार? मी म्हटलं, तिची आत्या आणि आत्याचे यजमान. तुम्हाला न विचारताच सांगून मोकळी झाले. ह्यांना जाऊन पंधरा वर्षं झाली, तेव्हापासून माझ्या मुलीचं माहेर-सासर जे काय ते तुम्हीच आहात, तर विचारायचं तरी काय?

साकीनाक्याचं काम चालू आहे. बटणं तपासायची आणि खोक्यात भरायची, दिवसभर स्टुलावर बसून. हल्ली मी उभ्यानं भरते. मूळव्याधीनं छळ मांडलाय. वर्ष होत आलं, रक्तही पडतं. तुम्ही हसाल म्हणून लिहिणार नव्हते, पण बाकीच्या बायका स्टुलावर आणि मी एकटी खांबासारखी उभी, त्यामुळे मालकालाही कळलंय आता.

भावोजींना नमस्कार. मुहूर्ताचं तुम्हीच विचारून कळवा.

तुमची,
विमल


कणकवली,
३ फेब्रुवारी २०२३

चि. विमल हिला आशीर्वाद.

बातमी वाचून मी इतक्या मोठ्यानं हाक मारली की ह्यांच्या हातातला चहा सदऱ्यावर सांडला. बालवाडीत सत्तावीस वर्षं पोरांवर ओरडून माझा आवाज असा झालाय आणि कान तसे.

मुहूर्त काढला. एकवीस मे, रविवार. यंदा अधिक महिना आलाय, त्यामुळे आषाढी झाली की पाच महिने लग्न नाही, थेट तुळशीच्या लग्नानंतर. तेव्हा मे म्हणजे मे. कन्यादानाचं विचारलं नाहीस हे बरं केलंस. विचारलं असतंस तर मी रागावले असते.

आई गेली तेव्हा सहदेव चार वर्षांचा होता आणि मी चौदा. त्याला कडेवर घेऊन मी शाळेत जायचे, गुरुजी मला मागच्या बाकावर बसवायचे. एवढा वाढवला आणि त्या मेल्या टीबीनं तो माझ्याआधी गेला. ते दुःख माझं अजून ओलं आहे. पण त्याच्या मुलीचा हात मी देणार म्हटल्यावर वाटतं, चला, एवढं तरी त्याच्यासाठी करायचं राहिलं होतं.

मूळव्याधीला हसू कशाला? आमच्या वडिलांना तीच होती. घरचा सुरण एस.टी.नं पार्सल केलाय. तुपावर परतून खा, रोज ताक घे, मिरची बंद. महिन्याभरात स्टुलावर बसशील.

तुझी,
सुलक्षणा


नाहूर,
१० मार्च २०२३

वन्संना नमस्कार.

हे पत्र टाकायचं की नाही ते लिहून झाल्यावर ठरवीन. आधी लिहून तर बघते.

तुमच्या भावाला टीबी झाला होता हे खरं. तो कशामुळे झाला हे तुम्हाला कोणी सांगितलं नाही. त्यांना एचआयव्ही होता. मलाही आहे. श्रुतिकाला नाही. तिला तीनदा तपासलं आणि मोठी झाल्यावर मी तिला सगळं सांगितलं. त्यांना कुठून लागला ते त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. जाण्याआधी चार दिवस एवढंच म्हणाले, "ताईला कळू देऊ नकोस. तिनं मला कडेवर वाढवलंय, तिला वाटेल मी वाईट निघालो." मी हो म्हटलं.

मी पंधरा वर्षं गोळ्या घेतेय. दर महिन्याला सरकारी दवाखान्यात जाऊन आणते, एक दिवस चुकवलेली नाही. रक्तात विषाणू सापडतसुद्धा नाही, असा रिपोर्ट असतो माझा. तिथे गोळ्या देणारे कुंडलिकसर दर खेपेला विचारतात, विमलताई, काही त्रास? वर्षभर मी "काही नाही" म्हणत आले. पुरुष माणसाला त्या जागेचं कसं सांगायचं? गेल्या महिन्यात गार्गी मॅडम म्हणून डॉक्टर होत्या, बाईमाणूस, त्यांना सांगितलं. त्यांनी बोटानं तपासलं आणि विचारलं, किती दिवस झाले? मग मोठ्या हॉस्पिटलात पाठवलं. तिथे तुकडा काढून तपासला. वन्सं, ती मूळव्याध नाही. शौचाच्या जागेचा कॅन्सर आहे. मॅडम म्हणाल्या की एचआयव्ही असलेल्यांना हा इतरांपेक्षा जास्त होतो, गोळ्या नीट घेणाऱ्यांनाही.

पण बरा होतो. कापाकापी नाही. साडेपाच आठवडे रोज शेक द्यायचा, म्हणजे रेडिएशन, त्याच्या जोडीला कॅन्सरची औषधं. मी विचारलं, मला हे असताना पुरतं औषध देणार का, की हात राखून? त्या म्हणाल्या, "तुमचा एचआयव्ही आटोक्यात आहे, जे दुसऱ्याला ते तुम्हाला, फक्त आधीच्या गोळ्या बंद करायच्या नाहीत." गाठ तीन सेंटीमीटरची आहे, कुठे पसरलेली नाही. दहातले आठ बरे होतात. मात्र पंधरा दिवसांत सुरू करायला हवं.

आता सुरू केलं तर संपेल मे महिन्याच्या सुरुवातीला. तेव्हा ती सगळी जागा भाजलेली असेल, दोन महिने धड बसता-चालता येत नाही. एकवीस मे बरोबर त्यात. घर पाहुण्यांनी भरलेलं, हॉस्पिटलच्या फायलीवर सगळं लिहिलेलं, देवेशच्या घरचं कोणी सोबत येतो म्हणालं तर काय करू? लग्न मोडेल. पुढे ढकललं तर निभावेल. तसं तुम्ही सांगितलंत तर सगळे ऐकतील.

लिहून झालं. पाकिटात घातलं. ह्यांना दिलेला शब्द आठवतोय आणि टाकवत नाही. दुसरं लिहिते.


नाहूर,
१२ मार्च २०२३

वन्संना नमस्कार.

सुरण मिळाला. रोज खाते आहे.

मूळव्याध फार वाढलीय, असं डॉक्टर म्हणतात. पाच-सहा आठवडे रोज हॉस्पिटलात जावं लागेल, पुढे दोन महिने विश्रांती. लगेच सुरू करा म्हणतात. म्हणून विचारते, लग्न तुळशीच्या लग्नानंतर केलं तर चालेल का? श्रुतिकाला सुचवून पाहिलं, ती माझ्याशी बोलत नाहीये. पण तुम्ही हो म्हटलंत तर देवेशच्या आईशी मी बोलीन. तुमचं नाव घेतलं की त्या ऐकतील.

वन्सं, नीट विचार करून सांगा. मला दुसरं कोणी विचारायला नाही.

विमल


कणकवली,
१९ मार्च २०२३

चि. विमल,

मूळव्याधीसाठी कोणी लग्न पुढे ढकलतं का गं? इथे सगळ्यांना सांगितलं तर हसतील. आमच्या शेजारच्या बाईची इथेच एका दुपारी काढली, संध्याकाळी ती भात वाढत होती. तुझे मुंबईचे डॉक्टर मूळव्याधीला सहा आठवडे कसले लावतायत? घाबरवतात आणि खेपा घालायला लावतात.

मागच्या वेळी काय झालं ते विसरलीस? मुलाच्या आजीचं आजारपण म्हणून तारीख पुढे गेली आणि त्या तीन महिन्यांत त्यांनी दुसरी मुलगी बघितली. श्रुतिका तेव्हा आठ दिवस जेवली नव्हती. आता ती एकोणतीस वर्षांची आहे. तुझं दुखणं दोन महिने थांबेल, मुलाकडची माणसं थांबणार नाहीत.

तू भित्री आहेस, हे मी पहिल्यापासून बघतेय. सहदेव असता तर त्यानं तुला हेच सांगितलं असतं. मी मोठी आहे, माझं ऐक. लग्न होऊ दे. दुसऱ्या दिवशी जा आणि काय करायचं ते करून घे. मी स्वतः येऊन राहीन, तुला उठू देणार नाही. पण एकवीस मे हलवायची नाही. पुन्हा हा विषय नको.

सुलक्षणा


नाहूर,
२७ मार्च २०२३

वन्संना नमस्कार.

तुम्ही म्हणता तसंच करू. मुलुंडचा हॉल पक्का केला. डॉक्टरांना जूनमध्ये येते म्हणून सांगून आले. त्या रागावल्या, दोनदा फोनही आला. नंतर मी उचलला नाही.

श्रुतिका पुन्हा बोलायला लागली आहे. काल गळ्यात पडली. तुमच्या मापाचा ब्लाउज पाठवा, इथे शिवून घेते.

विमल


कणकवली,
१ जून २०२३

चि. विमल,

राहते म्हटलं तरी तू लग्नाच्या तिसऱ्याच दिवशी आम्हाला गाडीत बसवून दिलंस, पण सुखरूप पोचलो. लग्न उत्तम झालं, जावई चांगला आहे, सासू जरा बोलकी पण मनानं बरी. श्रुतिकाचा हात देताना मला सहदेव दिसत होता आणि मी रडले ते सगळ्यांनी पाहिलं.

पण तुला चार शब्द सांगायचे आहेत. मनात ठेवले तर मला पचायचे नाहीत. तू दिवसभर एकदाही बसली नाहीस. विहीणबाई दोनदा हाताला धरून खुर्चीशी घेऊन गेल्या, तू पाठ टेकल्यासारखं केलंस आणि निघालीस. पंगतीला मी माझ्याशेजारी पाट राखून ठेवला होता. तू आलीस, उभ्या उभ्या माझ्या ताटातला एक घास खाल्लास आणि वाढायला पळालीस. वाढायला माणसं नव्हती का? हेसुद्धा विचारत होते, "विमल बसाक का नाय गो?" मी काय सांगू? मुलीच्या आईनं त्या दिवशी दोन घटका बसावं, लोकांनी तिच्याशी बोलावं. मला वाटलं, कन्यादानाला आम्ही बसलो ह्याचं तुला कुठेतरी लागलं की काय. लागलं असेल तर सरळ सांग. विधवेनं बसू नये ही रीत मी काढलेली नाही.

मूळव्याधीचं काय केलंस? गेलीस का डॉक्टरकडे?

सुलक्षणा


नाहूर,
२४ जून २०२३

वन्संना नमस्कार.

सोबत एक जुनं पत्र आहे, दहा मार्चचं. ते तेव्हाच टाकायला हवं होतं. आधी ते वाचा, मग हे.

वाचलंत? आता ऐका. मला कन्यादानाचं काहीही लागलं नव्हतं. मला बसता येत नव्हतं. साडीच्या आत दोन परकर आणि जाड घडी घालून मी उभी होते, कारण रक्त थांबत नव्हतं. तुम्ही पाट राखून ठेवलेला मी पाहिला होता. त्या दिवशी कशाचं वाईट वाटलं असेल तर त्या पाटाचं.

लग्नानंतर चौथ्या दिवशी हॉस्पिटलात गेले. पुन्हा सगळ्या तपासण्या झाल्या. गाठ सहा सेंटीमीटरची झालीय आणि दोन्ही जांघांत उतरलीय. गार्गी मॅडमना भेटले तेव्हा मला वाटलं होतं त्या ओरडतील. त्यांनी मार्चचा रिपोर्ट आणि नवा रिपोर्ट शेजारी शेजारी ठेवला, त्यानं मी जास्त घाबरले. मी विचारलं, हे त्या दोन महिन्यांमुळे का? म्हणाल्या, "ते कोणीच खात्रीनं सांगू शकत नाही, विमलताई. आता पुढचं बघू." उपचार तेच आहेत, शेक आणि औषधं, पण आता दहातले आठ असं कोणी म्हणत नाही. तीन जुलैपासून सुरू.

तुमच्यावर राग आहे असं लिहिलं तर खोटं होईल आणि नाही असं लिहिलं तरी खोटंच होईल. पण तुम्हाला ठाऊक नव्हतं. ठाऊक मला होतं. तुम्ही "थांब" म्हणालात ते मूळव्याधीला म्हणालात.

ह्यांना दिलेला शब्द मी आज मोडला. मला एकटीला जमत नाहीये. बाकाशेजारी उभी असताना नर्स विचारते, सोबत कोण आहे, आणि मी दाराकडे बघते. श्रुतिकाला मी एवढंच सांगितलंय की कॅन्सर आहे आणि तो जूनमध्ये कळला. मार्चचं तिला कधीही कळता कामा नये. आपल्या लग्नापायी आईनं औषध लांबवलं, हे घेऊन ती संसार कसा करणार? वन्सं, ह्यापुढे माझं काहीही होवो, हे तुमच्याकडून बाहेर जाता नये.

तुम्ही आलात तर बरं वाटेल. नाही आलात तरी मी समजेन.

विमल


कणकवली,
३० जून २०२३

विमल,

मार्चचं पत्र आधी वाचलं. मग माझंच मार्चचं उत्तर मला आठवलं, शब्द न् शब्द. नीट विचार करून सांगा असं तू लिहिलं होतंस. मी विचार केला नाही. पत्र आलं त्याच दुपारी पाटावर बसून उत्तर लिहिलं आणि ह्यांना पोस्टात धाडलं. वर तुला भित्री म्हटलं.

मी तुझं वाईट केलं, विमल. ह्याला दुसरा शब्द नाही.

सहदेवाबद्दल तू लिहिलंस, त्याला वाटत होतं मला काय वाटेल. खरं सांगते, आठ दिवस वाटलं असतं. त्याला शिव्या दिल्या असत्या, कदाचित हातही उचलला असता. नवव्या दिवशी जेवायला वाढलं असतं. माझा भाऊ होता तो. मला ते आठ दिवस द्यायचे नव्हते त्याला, आणि तू त्यापायी पंधरा वर्षं एकटीनं काढलीस.

आणखी एक लिहिते, तुझ्यापासून आता लपवणार नाही. पत्र वाचल्यावर पहिला विचार मनात आला तो हा की लग्नात तू माझ्या ताटातला घास खाल्लास. सरकारी दवाखान्यात जाऊन नर्सबाईला विचारून आले. ती म्हणाली, असं जेवून काही होत नाही, तुम्ही बालवाडीत शिकवायचात ना? मान खाली घालून परत आले.

रविवारी पोचते. कान गेलेत, हात-पाय आहेत. श्रुतिकाला जे तू सांगितलंस तेच मी सांगेन. शब्द देते.

सुलक्षणा


नाहूर,
६ डिसेंबर २०२३

वन्संना नमस्कार.

तुम्हाला कणकवलीला परत जाऊन दोन महिने झाले, घर अजून तुमच्या आवाजाची वाट बघतं. शेजारीण म्हणाली, तुमच्या नणंदबाई असताना आम्हाला घड्याळ लागत नव्हतं. रोज नऊ वाजता तुम्ही "विमल, गोळी" म्हणून हाक मारायचात, ती तिसऱ्या मजल्यापर्यंत जायची. एचआयव्हीची गोळी अशी जाहीर घेणारी नाहूरमध्ये मी एकटीच असेन. लोकांना वाटलं, बीपीची.

तुम्ही जे केलंत ते मी कोणाच्या आईलाही करताना पाहिलेलं नाही. तिसऱ्या आठवड्यात कातडी सोलून निघाली तेव्हा मला मेले तर बरं असं वाटलं. तुम्ही टबात कोमट पाणी भरून मला बसवायचात आणि तोंड दुसरीकडे करून बालवाडीतली गाणी म्हणायचात, मला लाज वाटू नये म्हणून. रक्तातल्या पेशी उतरल्या म्हणून पाच दिवस शेक बंद ठेवला, तेव्हा शेकाच्या डॉक्टरांना तुम्ही कॉरिडॉरमध्ये अडवून विचारलंत, एचआयव्ही आहे म्हणून तर बंद केला नाही ना. सगळ्या बाकांनी ऐकलं. त्यांनी वहीवर लिहून दाखवलं, कोणाच्याही पेशी उतरल्या तर हेच करतो. पाच दिवसांनी पुन्हा सुरू झाला आणि अठ्ठावीसच्या अठ्ठावीस खेपा पुऱ्या झाल्या. तेव्हा आपल्याला वाटलं, जिंकलो.

काल नव्या तपासणीचा निकाल आला. खाली थोडं उरलंय आणि यकृतात डाग आलेत, चार. आता ऑपरेशनचा उपयोग नाही. केमो देतील, त्यानं काही महिने मिळतील. गार्गी मॅडमनी खुर्ची माझ्या जवळ ओढली तेव्हाच कळलं.

त्याच दिवशी कुंडलिकसरांनी दुसरा रिपोर्ट दिला. विषाणू सापडला नाही. म्हणाले, विमलताई, झकास, शाबास. त्यांना बिचाऱ्यांना ठाऊक नव्हतं. मी थँक यू म्हटलं आणि बाहेर येऊन हसले, मग रडले. पंधरा वर्षं ज्याला भ्याले त्यानं मला हातही लावला नाही.

श्रुतिकाला सांगितलंय. देवेश चांगला निघाला, तिनं त्याला माझं सगळं सांगितलं, तरी तो माझ्या हातचा चहा मागून पितो. मार्चचं मात्र तिला ठाऊक नाही. तुमचा शब्द लक्षात आहे ना?

विमल


कणकवली,
१३ डिसेंबर २०२३

विमल,

लक्षात आहे. पण मला तो सोड. तिला सांगू दे. तिनं मला दोन शिव्या द्याव्यात, माझं तोंड बघणार नाही म्हणावं, ते मला सोसेल. तिनं मला "आत्या" म्हणून मिठी मारली की ते सोसत नाही. इथे मी देवळात गाऱ्हाणं घालायला गेले. सगळ्यांदेखत मोठ्यानं बोलायची माझी सवय, तिथे नुसता नारळ ठेवून परत आले.

तू नको म्हणशील, मला माहीत आहे. संसार तिचा आहे, ओझं माझं असू दे. नाही सांगत.

शनिवारी येते. ह्या वेळी परत जायचं तिकीट काढलेलं नाही.

सुलक्षणा


मालाड,
२ मे २०२४

प्रिय आत्या,

तू कणकवलीला गेल्यावर नाहूरचं घर आवरायला घेतलं. आईच्या कपाटात तुझी पत्रं सापडली, रबर लावलेला गठ्ठा. मी वाचली नाहीत. तुझ्याकडेच पाठवते. तुमच्या दोघींचं ते तुमचंच. मला फोनवर लिहायची सवय, पण तुझ्यासाठी पेन विकत आणलंय बघ.

आईला जाऊन तीन आठवडे झाले. हॉस्पिटलातल्या त्या शेवटच्या दिवसांत तू तिच्या उशाशी होतीस आणि ती तुझाच हात धरून होती, माझा नाही. मला तेव्हा थोडं वाईट वाटलं होतं, आता नाही वाटत. तुमचं काहीतरी वेगळंच होतं.

एक सांगायचं राहिलंय. तोंडावर सांगायला गेले असते तर रडले असते. मागच्या वर्षी मार्चमध्ये आई मला म्हणाली होती की लग्न नोव्हेंबरात करू या, मला मूळव्याधीचा त्रास आहे. मी तिला खूप बोलले. म्हटलं, तुला माझं लग्न व्हायलाच नकोय. मग तुझं पत्र आलं आणि आई म्हणाली, आत्या मे म्हणते तर मे. आता विचार करते, नोव्हेंबरपर्यंत थांबलो असतो तर? तोवर तिची काय हालत झाली होती. तिला उभंसुद्धा राहता आलं नसतं. ती माझ्या लग्नात दिवसभर नुसती फिरत होती, आठवतं? माझ्याकडे तेवढाच व्हिडिओ आहे आता. त्यात ती सगळीकडे आहे.

तू हट्ट धरला नसतास तर आईनं माझं लग्न बघितलं नसतं. हे फक्त तुझ्यामुळे. देवेशलाही मी तेच सांगते. तुझे उपकार मी विसरणार नाही, आत्या.

तुझी,
श्रुतिका


कणकवली,
११ मे २०२४

चि. श्रुतिका हिला आशीर्वाद.

तुझं पत्र आणि गठ्ठा दोन्ही मिळालं. हे म्हणाले, मी वाचून दाखवू? मी म्हटलं, डोळे अजून शाबूत आहेत. वाचलं, घडी केली, पुन्हा उघडलं. उत्तराला उशीर झाला, रागावू नकोस. तीनदा लिहायला बसले होते.

लग्नात तुझी आई आनंदात होती, हे अगदी खरं. मी त्या दिवशी तिच्याकडे सारखी बघत होते, म्हणून सांगू शकते. तू अंतरपाटामागून मान वर केलीस तेव्हा ती खांबाला धरून उभी होती आणि तिचा चेहरा असा झाला होता की तसा मी तीस वर्षांत पाहिला नव्हता. हे तुझ्याजवळ ठेव. त्यात खोटं काही नाही.

तू तिला बोललीस ते मनातून काढून टाक. मुली आईला बोलतात. तुझ्या बोलण्यानं काही झालेलं नाही. हे मी तुला खात्रीनं सांगते आणि मला माहीत आहे म्हणून सांगते.

उपकाराचं पुन्हा लिहू नकोस. का, ते विचारूही नकोस. तुझ्या आईनं मला एकच काम सांगितलं आहे आणि ते मी करते आहे, एवढं समज.

तुझ्या आईनं लाजेपायी वर्षभर दुखणं अंगावर काढलं. तू काढू नकोस. कुठल्याही जागेचं असो, डॉक्टरला सांग, पुरुष असला तरी सांग, देवेशला सांग. मलाही सांग. आणि सांगितल्यावर मी म्हटलं, घरात कार्य आहे, दोन महिने थांब, तर थांबू नकोस. मी मोठी असले, तुझ्या बापाला कडेवर वाढवलं असलं, तरी माझं ऐकू नकोस.

तुझी,
आत्या